संगणकशास्त्राचे शिक्षण : प्रवेशाआधी सभासदांनी समजून घ्यावयाच्या गोष्टी



शेतकी खात्यात येणारे सभासद एरवी लागण नोंद, तोडणीची तारीख, बेणे, खते याबद्दल विचारतात. परंतु बारावीचा निकाल लागला की एक प्रश्न हमखास येतो : "साहेब, पोराला कॉम्प्युटरला घालावं म्हणतोय, काय करावं?" यात तीन-चार वर्षांची फी, खोलीभाडे, खानावळ आणि कित्येकदा सोसायटीचे कर्जही येते. म्हणून या शिक्षणाची माहिती सोप्या भाषेत देत आहोत.

प्रथम एक गैरसमज दूर करू. संगणक चालवणे वेगळे आणि संगणकशास्त्र शिकणे वेगळे. टायपिंग, हिशेबाचे टॅली, एमएससीआयटी हे सर्व उपयोगी आहे. पण ते काही महिन्यांत येते. ट्रॅक्टर चालवता येणे आणि ट्रॅक्टरचे इंजिन तयार करता येणे यात जेवढे अंतर, तेवढे इथे आहे.

मग विद्यापीठात शिकवतात तरी काय? आपल्याच रजिस्टरचे उदाहरण घेऊ. समजा, कारखान्याचे १६,००० सभासद आहेत आणि नोंदी सभासद क्रमांकाप्रमाणे लावलेल्या आहेत. एक नंबर काढायचा आहे. पहिल्या पानापासून बघत गेलो, तर वेळप्रसंगी सगळ्या १६,००० नोंदी बघाव्या लागतील. त्याऐवजी रजिस्टर बरोबर मध्यावर उघडा. हवा असलेला नंबर मोठा असेल तर मागचा अर्धा भाग ठेवा, लहान असेल तर पुढचा. उरलेल्या भागाचा पुन्हा मध्य काढा. असे फार तर १४ वेळा केले की नंबर हाती येतो. सभासद दुप्पट, म्हणजे ३२,००० झाले, तरी काम दुप्पट होत नाही. फक्त एक वेळ जास्त बघावे लागते. मात्र नोंदी क्रमाने लावलेल्या नसतील तर ही युक्ती चालणार नाही.

कामाची अशी पायरीवार रीत म्हणजे अल्गोरिदम. ती बरोबर आहे का, किती वेळ घेते, कुठे अडते, हे गणिताने तपासणे हा या शास्त्राचा गाभा. ऊसयार्डात पहिली आलेली गाडी पहिली खाली होते. गोदामात थप्पीवर शेवटी ठेवलेले पोते पहिले निघते. माहिती साठवण्याच्याही अशाच रीती असतात, त्यांना डेटा स्ट्रक्चर म्हणतात. पुढे डेटाबेस, ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क हे विषय येतात आणि बहुधा शेवटी प्रकल्प करावा लागतो. ज्या मुलाला गणिताची धास्ती आहे, त्याला केवळ शेजारचा गेला म्हणून इकडे ढकलू नये. भारी जमिनीचं वाण हलक्या रानात लावून उतारा मिळत नाही.

हा विषय तसा नवा नाही. १९६२ साली अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात त्याचा स्वतंत्र विभाग निघाला. आपल्याकडे कानपूरच्या आयआयटीत १९६३ मध्ये आयबीएम १६२० हा संगणक आला आणि विद्यार्थी त्यावर शिकू लागले. १९९१ साली पुण्याच्या सी-डॅक संस्थेने परम ८००० हा महासंगणक तयार केला. त्या कामाचे प्रमुख डॉ. विजय भटकर हे अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावचे. तेव्हा खेड्यातल्या पोराला हे जमणार नाही, असे कोणी म्हणू नये.

वाटा मुख्यतः चार आहेत. बारावी विज्ञान करून एमएचटी-सीईटीद्वारे अभियांत्रिकीची चार वर्षांची पदवी, ही पहिली. दुसरी बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स. तिथेही गणिताचा पाया लागतो. तिसरी बीसीए, या अभ्यासक्रमासाठी महाराष्ट्रात २०२४ पासून सीईटी सुरू झाली. चौथी, दहावीनंतर तीन वर्षांची पदविका आणि तिच्या गुणांवर अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. आमचे स्वतःचे शिक्षण पदविकेचे आहे; तो रस्ता कमीपणाचा नाही.

खर्चाबाबत एक गोष्ट प्रत्येक घरात कळली पाहिजे. २०२४-२५ पासून राज्य शासनाने व्यावसायिक अभ्यासक्रमांना जाणाऱ्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांच्या आत असावे आणि प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून घेतलेला असावा. व्यवस्थापन कोट्यातून पैसे भरून जागा घेतली तर हा लाभ मिळत नाही. "मुलीसाठी एवढा खर्च कशाला," असे म्हणून हुशार पोरीला घरी बसवणाऱ्यांनी आता पुन्हा विचार करावा. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेयर, जात पडताळणी ही कागदे निकालाची वाट न बघता आधीच काढावीत. ऐनवेळी तहसीलला गर्दी उसळते.

आता नोकरीचे. 'शंभर टक्के नोकरी' असे फलक पाहून भुलू नये. महाविद्यालय कोणत्या विद्यापीठाला संलग्न आहे, एआयसीटीईची मान्यता आहे का, गेल्या वर्षी किती मुलांना कुठे काम लागले, हे समक्ष जाऊन तिथल्याच विद्यार्थ्यांना विचारावे. बेणेमळा बघितल्याशिवाय आपण बेणे उचलत नाही, मग इथे घाई कशाला? नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले, आणि आता यंत्रही प्रोग्रॅम लिहून देते. त्यामुळे नुसती एखादी संगणक-भाषा पाठ केलेल्याचे कठीण आहे. यंत्राने लिहिलेले बरोबर की चूक, हे ज्याला पारखता येते त्याची गरज राहील. आणि ती पारख वर सांगितलेल्या पायाभूत विषयांतूनच येते.

म्हणून सभासदांना विनंती की, जमीन गहाण टाकण्याआधी मुलामुलीला जवळ बसवून दोन गोष्टी विचाराव्यात. गणित आवडतं का? एखादं गणित सुटलं नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याला भिडतोस का? उत्तर 'हो' असेल तर मागे हटू नये. 'नाही' असेल तर दुसऱ्या चांगल्या वाटा भरपूर आहेत. रान बघून लागण केली की पीक साधते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग