मांजराची आंघोळ : जे अंगावर, तेच पोटात

धान्याची वखार किंवा किराणा मालाचे दुकान असेल, तर तेथे मांजर कोणाला मुद्दाम आणावे लागत नाही. उंदरांच्या वासाने ते आपणहून येते, गल्ल्याशेजारच्या तक्क्यावर एक दुपार झोप काढते आणि महिनाभरात घरातील मुलांनी त्याचे नावही ठेवलेले असते. अलीकडे या आगंतुक पाहुण्यांबरोबरच लांब केसांची पर्शियन मांजरेही सदनिकांमधून हौसेने पाळली जाऊ लागली आहेत. मांजर दुकानातले असो वा दिवाणखान्यातले, घरात एक प्रश्न केव्हा ना केव्हा निघतोच : याला आंघोळ घालायची की नाही?

ज्या घरात स्नानावाचून स्वयंपाकघरात पाऊल पडत नाही, तेथे या प्रश्नाचे उत्तर चटकन ‘घालायची’ असेच येते. दिवसभर बोळातून फिरून आलेले मांजर तसेच गादीवर चढलेले कोणाला रुचेल? तक्रार रास्त आहे. मात्र मांजराच्या स्वच्छतेचा हिशेब माणसाच्या हिशेबाहून निराळा आहे, आणि तो समजून न घेता घातलेली आंघोळ त्या मुक्या जीवाला अनेकदा त्रासाची आणि क्वचित प्राणघातकही ठरते.

मांजर दिवसातला बराच वेळ अंग चाटण्यात घालवते. त्याच्या जिभेवर घशाच्या दिशेने वळलेले बारीक काटे असतात. नखे ज्या द्रव्याची बनतात, त्याच द्रव्याचे. अमेरिकेतील जॉर्जिया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या ॲलेक्सिस नोएल आणि डेव्हिड हू या संशोधकांनी २०१८ साली दाखवून दिले, की या काट्यांची टोके पोकळ, पळीसारखी असतात. तोंडातील लाळ त्यांत भरते आणि दाट केसांच्या मुळापर्यंत पोचते. वाघ-सिंहांच्या जिभेवरही हीच रचना आढळली. थोडक्यात, निसर्गाने मांजराला कंगवा आणि ओला पंचा एकाच अवयवात दिलेला आहे. आखूड केसांच्या निरोगी मांजराला त्यामुळे बहुधा जन्मभर आंघोळीची गरज पडत नाही.

पाण्याचा तिटकारा मात्र सगळ्याच मार्जारकुळाला नाही. पश्चिम बंगालचा राज्यपशू असलेले मासेमार मांजर पाण्यात सूर मारून मासे पकडते. घरगुती मांजराचा पूर्वज हा पश्चिम आशिया आणि आफ्रिकेच्या कोरड्या प्रदेशातील रानमांजर. माणसाच्या धान्याच्या कोठारांभोवती तो माणसाळला असावा, असे अभ्यासक मानतात. सायप्रस बेटावर सुमारे ९५०० वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी मांजराचा सांगाडा सापडला आहे. धान्याच्या पेढीशी मांजराचे नाते असे फार जुने आहे. पाण्याशी मात्र त्याचे फारसे सख्य जुळले नाही. त्याची दाट फर भिजली की जड होते, लवकर वाळत नाही आणि अंगाची ऊब निघून जाते.

मग आंघोळ केव्हा घालावी? मांजर स्वतःला चाटूनच स्वच्छ करते. म्हणून अंगावर जे पडेल ते त्याच्या पोटात जाणार, हे गृहीत धरावे. अंगावरची वस्तू पोटात जाऊ देण्यासारखी नसेल, तर आंघोळ घालावी. नुसती धूळ असेल, तर ब्रश किंवा ओले फडके पुरे. खाद्यतेलाच्या डब्यात पाय बुडाला, रॉकेल किंवा वंगण अंगावर सांडले, धुळवडीचा रंग लागला, तर मात्र थांबू नये. पर्शियन जातीची मांजरे, अतिस्थूल किंवा म्हातारी होऊन पाठीपर्यंत जीभ न पोचणारी मांजरे यांनाही अधूनमधून मदत लागते. गजकर्णासारखा बुरशीचा रोग झाला, तर पशुवैद्य औषधी स्नान सांगतात; तो रोग माणसांनाही लागतो, म्हणून लहान मुलांना त्या वेळी दूर ठेवावे.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नेहमी टापटीप असणारे मांजर एकाएकी अंग चाटणे सोडून देऊ लागले, तर तो अस्वच्छपणा नसून आजाराची खूण असते. दात, सांधे किंवा मूत्रपिंड यांपैकी कोठेतरी दुखणे असते. अशा मांजराला मोरीत न नेता दवाखान्यात न्यावे. आठ आठवड्यांहून लहान पिल्लू, आजारी मांजर आणि नुकती शस्त्रक्रिया झालेले मांजर यांनाही पशुवैद्याने सांगितल्याशिवाय पाणी लावू नये.

खरा धोका पाण्यात नसून घरातील बाटल्यांत असतो. मांजराच्या यकृतात काही रसायनांचा निचरा करणारे एक महत्त्वाचे विकर कार्यक्षम नसते. त्यामुळे माणसाच्या किंवा कुत्र्याच्या शरीरातून सहज बाहेर पडणारी द्रव्ये मांजराच्या शरीरात साचून राहतात. फिनेल आणि पाण्यात टाकताच दुधाळ होणारी इतर बहुतेक जंतुनाशके या वर्गात येतात. ‘चार थेंब टाकले म्हणजे जंतू मरतील’ या सद्हेतूने बादलीत टाकलेले ते थेंब मांजर पुढे तासभर चाटत बसते. टी ट्री तेल, निलगिरीचे तेल आणि कापूर हेही वर्ज्य. सर्वांत घातक म्हणजे कुत्र्यांच्या पिसवांसाठी मिळणारी पर्मेथ्रिनयुक्त औषधे. ती मांजराला लावली, तर काही तासांत कंप आणि झटके सुरू होतात व प्राणही जाऊ शकतो. आंघोळीनंतर मांजर शिंकले म्हणून कोणी पॅरासिटामॉल देऊ नये. मांजरासाठी ती एक गोळीही जीवघेणी ठरते. माणसाचा शांपू विषारी नसला, तरी मांजराच्या त्वचेला तो मानवत नाही. मांजरांसाठी असलेला, सुगंध नसलेला शांपूच आणावा.

आता कृती. मांजर दमलेले आणि शांत असेल अशी दुपारची वेळ निवडावी. आदल्या दिवशी नखांची केवळ पांढरी टोके कापावीत. आतील गुलाबी भागात रक्तवाहिनी असते. पाणी लागण्यापूर्वी केस विंचरून जटा सोडवून घ्याव्यात, कारण भिजलेली जटा अधिकच आवळते. मोरीचे दार लावून घ्यावे आणि घमेल्यात किंवा टबात जुना पंचा अंथरावा. मांजराची निम्मी भीती पाण्याची नसून पाय घसरण्याची असते, हे फार थोड्यांच्या लक्षात येते. पाणी आधीच भरून ठेवावे, कारण नळाच्या आवाजाने मांजर बिथरते. ते कोमट असावे आणि मांजराच्या पोटापर्यंतही पोचू नये. चार-पाच सेंटिमीटर पुरे. मांजराच्या शरीराचे तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असल्याने आपल्याला जेमतेम कोमट वाटणारे पाणी त्याला गारच लागते, पण म्हणून कढतही घेऊ नये.

दोन माणसे असावीत. एकाने खांद्यांशी हलक्या हाताने धरावे, दुसऱ्याने लहान तांब्याने मानेपासून शेपटीकडे पाणी घालावे. डोक्यावर पाणी ओतू नये. चेहरा ओल्या फडक्याने पुसावा, कानांत पाणी जाऊ देऊ नये. शांपू थोडा घ्यावा आणि धुण्याला मात्र दुप्पट वेळ द्यावा. अंगावर राहिलेला फेस शेवटी पोटातच जातो. हे सारे दहा मिनिटांत उरकले पाहिजे. कान मागे चिकटले, बाहुल्या विस्फारल्या, तर हात आवरता घ्यावा. मांजर तोंड उघडून धापा टाकू लागले, तर स्नान तेथेच थांबवावे. मांजराच्या बाबतीत ते गंभीर लक्षण होय.

तेलकट पदार्थांची रीत थोडी वेगळी. खाद्यतेल सांडले असेल, तर आधी मक्याचे पीठ भुरभुरून तेल टिपून घ्यावे आणि मग धुवावे. उंदरांसाठी ठेवलेल्या चिकट पुठ्ठ्यावर मांजर अडकले, तर ओढू नये. खाद्यतेल चोळून तो चिकटा सैल करावा. ऑइल पेंट लागला, तर टर्पेंटाइन किंवा थिनर लावणे म्हणजे विषावर विष. तेवढे केस कातरून टाकावेत. रॉकेल अंगावर पडले, तर प्रथम मांजराला पंचात गुंडाळून चाटू देऊ नये, भांडी घासण्याच्या सौम्य द्रवाने धुवावे आणि लगेच पशुवैद्याकडे न्यावे. त्याला ओकारी काढवण्याचा प्रयत्न करू नये; रॉकेल फुप्फुसात उतरण्याचे भय असते.

पिसवांचा प्रश्न जीवदया जपणाऱ्या घरात अवघड होऊन बसतो. आंघोळीने पिसवा जातात हा समज अर्धाच खरा आहे. अंगावर दिसणाऱ्या पिसवा थोड्या. अंडी आणि अळ्या अंथरुणात, जाजमाच्या दोऱ्यांत आणि फरशीच्या सांध्यांत असतात. म्हणून पिसवा होऊच नयेत, याची काळजी अधिक मोलाची. बारीक दातांच्या फणीने रोज विंचरावे, मांजराचे अंथरूण आठवड्याला धुवून उन्हात टाकावे आणि पावसाळ्यात कोपरे कोरडे ठेवावेत. तरीही लहान पिल्लाच्या अंगावर पिसवांचा बुजबुजाट झाला, तर रक्तक्षयाने ते पिल्लू दगावू शकते. तेथे नुसती फणी पुरत नाही, आणि पशुवैद्याचे औषध वापरायचे की नाही, हा निर्णय घरातील वडीलधाऱ्यांना पिल्लाकडे पाहूनच घ्यावा लागतो.

घरातल्या माणसांचीही काळजी हवी. मांजराचे दात सुईसारखे असतात. जखम वरून बारीक दिसते, पण आत खोल जाते आणि हात दुसऱ्या दिवशी सुजतो. चावा किंवा ओरखडा झाला, तर साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावे आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. रेबीजची लस मांजराच्या चाव्यासाठीही लागते. हळद लावून घरी बसण्याची ही जखम नव्हे.

आंघोळ झाली, की कोरडे करण्यात आळस नको. दोन-तीन पंचे लागतात. घासण्यापेक्षा दाबून टिपावे. पंखा बंद ठेवून उबदार खोलीत, जमल्यास उन्हाच्या कवडशात बसवावे. केस सुकवण्याचे यंत्र बहुतेक मांजरांना त्याच्या आवाजामुळेच नकोसे होते. घरात दुसरे मांजर असेल, तर ते न्हालेल्या मांजरावर फिसकारण्याचा संभव असतो. ओळखीचा वास धुतला गेल्याने त्याला तो परकाच वाटतो. अशा वेळी न्हालेल्या मांजराच्या नेहमीच्या बसण्यातील न धुतलेले फडके त्याच्या अंगावरून फिरवावे आणि दोघांना काही तास वेगळे ठेवावे. न्हालेले मांजर तोवर एका कोपऱ्यात पाठ फिरवून बसलेले असते आणि पंजापासून सुरुवात करून सारे अंग पुन्हा पहिल्यापासून चाटू लागलेले असते.