उंबर (उद्यानवृक्ष)

उंबर (उद्यानवृक्ष) : (औदुंबर, हिं. गूलर, गु. उमरडो, क. अत्ति, सं. उदुंबर, लॅ. फायकस रॅसिमोझा, कुल–मोरेसी). वड, पिंपळ व अंजीर यांच्या प्रजातीतील हा मोठा वृक्ष भारत, श्रीलंका, आग्नेय आशिया, न्यू गिनी व उत्तर ऑस्ट्रेलिया या प्रदेशांत आढळतो. महाराष्ट्रात तो ओढ्याकाठी, विहिरींजवळ व देवळांच्या आवारात सर्वत्र दिसतो. पक्षी, वटवाघळे, खारी व कीटक यांना आश्रय आणि अन्न मिळावे या हेतूने लावलेल्या बागेत, विशेषतः मराठवाड्यासारख्या अवर्षणप्रवण प्रदेशात, उंबराइतका उपयुक्त वृक्ष क्वचितच सापडेल. मात्र ही उपयुक्तता एकट्या झाडाच्या अंगची नसते. ती एका सूक्ष्म वरटीवर (गांधीलमाशीच्या गणातील कीटकावर) व परिसरातील इतर उंबरांवर अवलंबून असते. म्हणून उंबर लावणे व तो सांभाळणे यांबाबतचे नियम केवळ शोभेच्या वृक्षांहून वेगळे आहेत.

वन्यजीवांसाठी बाग करण्याची कल्पना यूरोपात विशेष रुजली आहे व तेथील अशा बागांत रोवन (लॅ. सॉर्बस ऑक्युपेरिया, कुल–रोझेसी) या लहान वृक्षास मानाचे स्थान आहे. त्याची पांढरी फुले कीटकांना व शरद ऋतूतील तांबडी फळे कस्तुरवर्गीय पक्ष्यांना उपयोगी पडतात. पारध्यांनी या फळांचा आमिष म्हणून उपयोग केल्यामुळे त्याच्या लॅटिन नावातच पक्षी धरण्याचा निर्देश आला आहे. दुष्ट शक्तींपासून घराचे रक्षण होते या समजुतीने स्कॉटलंडमध्ये तो दाराशी लावीत. रोवनच्या प्रजातीतील काही जाती हिमालयात वाढतात, परंतु दख्खनच्या पठारावर त्यांची लागवड व्यवहार्य नाही. त्यांच्या बीजाला रुजण्यापूर्वी दीर्घकाळ थंडी लागते आणि येथील उन्हाळा त्यांना मानवत नाही. रोवन तेथे जे कार्य करतो ते येथे उंबर करतो. शिवाय रोवन वर्षातून एकदाच फळतो, तर उंबराला वर्षातून अनेकदा बहर येतो.

वर्णन : उंबराची उंची सामान्यतः १५–२० मी. असते. वडाप्रमाणे त्याला लोंबत्या पारंब्या नसतात. साल करडी वा तांबूस व बरीच गुळगुळीत असते. तिला इजा झाल्यास पांढरा चीक येतो. पाने साधी, एकाआड एक, लांबट-अंडाकृती व टोकदार असतात व त्यांवर कीटकांमुळे झालेल्या गाठी पुष्कळदा आढळतात. या गाठींनी झाडाला सहसा गंभीर अपाय होत नाही. थोडा काळ झाड निष्पर्ण होते, पण लवकरच नवी पालवी येते. फळांचे घोस पानांच्या बगलेत न येता खोड व जाड फांद्या यांवरील आखूड, पर्णहीन डहाळ्यांवर येतात. कच्ची फळे हिरवी व पिकलेली तांबूस असतात. फळे खोडालगत असल्यामुळे फांदीच्या टोकावर बसू न शकणाऱ्या मोठ्या प्राण्यांनाही ती सहज मिळतात.

परागण : क्वचित दिसणाऱ्या माणसाला मराठीत ‘उंबराचे फूल’ म्हणतात, कारण उंबराला फुले येतच नाहीत असे वाटते. वस्तुतः ज्याला फळ म्हणतात तो मांसल, पोकळ व मुखाशी लहान छिद्र असलेला कुंभासनी पुष्पबंध असतो आणि त्याच्या आतील पृष्ठभागावर शेकडो सूक्ष्म फुले असतात. छिद्राजवळ पुं-पुष्पे व इतरत्र स्त्री-पुष्पे असतात. स्त्री-पुष्पांतील काहींचे किंजल लांब, तर काहींचे आखूड असतात. भारतात या फुलांचे परागण सेराटोसोलेन फ्युसिसेप्स ही केवळ काही मिमी. लांबीची वरटी करते. फुले ग्रहणक्षम झाली की त्यांच्या वासाने मादी वरटी आकर्षित होते. खवल्यांनी झाकलेल्या अरुंद छिद्रातून आत शिरताना बहुधा तिचे पंख तुटतात, त्यामुळे तिला पुन्हा बाहेर पडता येत नाही. बरोबर आणलेले पराग ती फुलांवर ठेवते, काही फुलांच्या किंजपुटांत अंडी घालते व आतच मरते. अंडी घातलेल्या फुलांत तिची पिले वाढतात, तर उरलेल्यांपैकी अनेकांत बीजे तयार होतात.

काही आठवड्यांनी प्रथम पंखहीन नर बाहेर येतात. ते माद्यांशी समागम करतात व भिंत पोखरून वाट करून देतात. या सुमारास पुं-पुष्पे पक्व झालेली असतात. त्यांचे पराग घेऊन माद्या उडून जातात. प्रौढ मादीचे आयुष्य एक-दोन दिवसांचेच असते. तेवढ्या अवधीत तिला ग्रहणक्षम फुले असलेला पुष्पबंध सापडला नाही, तर तिचा वंश तेथेच खुंटतो. एका झाडावरील फळे सर्वसाधारणपणे एकाच अवस्थेत असतात. म्हणून तिला बहुधा दुसरे झाड शोधावे लागते. वाऱ्याच्या साहाय्याने ती कित्येक किमी. जाऊ शकते. परागण न झालेली फळे पुष्कळशी न पिकताच गळून पडतात.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. उंबराच्या फळातील ‘किडे’ हा दोष नसून त्या फळाच्या पिकण्याचे कारण आहे. दुसरे असे की, बागेतील एका उंबराचा बहर परिसरातील इतर उंबरांवर अवलंबून असतो. वर्षाच्या प्रत्येक काळात कोणते ना कोणते झाड ग्रहणक्षम असेल इतकी झाडे टप्प्यात असतील, तरच वरट्या टिकतात. या परस्परसंबंधाचा व वरट्यांवर जगणाऱ्या परजीवी जातींचा बंगळूरू येथील भारतीय विज्ञान संस्थेत सविस्तर अभ्यास झाला आहे.

उंबरावरील जीवसृष्टी : इतर फळे दुर्मिळ असताना अंजीरवर्गीय वृक्ष प्राण्यांना तगवून धरतात ही गोष्ट जॉन टरबर्ग या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये पेरूतील अरण्याच्या अभ्यासावरून मांडली. जगात पक्षी व सस्तन प्राणी यांच्या १,२०० हून अधिक जाती या प्रजातीची फळे खातात, असे २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात दाखविण्यात आले. दख्खनच्या पठारावर उंबरावर हरियाल (महाराष्ट्राचा राज्यपक्षी), तांबट, कोकीळ, बुलबुल, साळुंक्या, हळद्या व राखी धनेश हे पक्षी येतात. हिवाळी पाहुण्या भोरड्यांचे थवेही फळांवर उतरतात. रात्री फलाहारी वटवाघळे व उदमांजरे येतात. गळालेल्या फळांवर खारी, मुंग्या व फुलपाखरे जगतात. ‘कॉमन क्रो’ या फुलपाखराचे सुरवंट उंबराची पाने खातात. कीटकभक्षक पक्ष्यांना बाहेर पडणाऱ्या वरट्या मिळतात. बीजे पक्ष्यांच्या व वटवाघळांच्या विष्ठेतून दूरवर पसरतात. विहिरीच्या बांधकामात व जुन्या भिंतींत उंबर उगवलेले दिसतात ते यामुळेच.

शेंद्रा परिसर : छत्रपती संभाजीनगर (२०२३ पर्यंत औरंगाबाद) शहराच्या पूर्वेस जालना रस्त्यावरील शेंद्रा हे गाव मांगीरबाबांच्या जत्रेसाठी प्रसिद्ध आहे. येथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे क्षेत्र असून दिल्ली–मुंबई औद्योगिक मार्गिकेतील ‘ऑरिक’ या नियोजित औद्योगिक नगराचा शेंद्रा येथील भाग सप्टेंबर २०१९ मध्ये राष्ट्राला अर्पण करण्यात आला. बेसाल्ट खडकावरील मुरूम व काळी माती, सु. ७०० मिमी. अनिश्चित पाऊस आणि ४०° से. च्या वर जाणारा उन्हाळा ही या भागाची वैशिष्ट्ये आहेत. शेतीची जमीन जेव्हा कारखाने, रस्ते व वसाहती यांखाली जाते, तेव्हा बांधांवरील बोरी-बाभळी व विहिरींवरील उंबर प्रथम नाहीसे होतात. त्यांच्या जागी गुलमोहर, ग्लिरिसिडिया, कोनोकार्पस यांसारखी शीघ्र वाढणारी विदेशी झाडे लावण्याची प्रथा सर्वत्र आहे. ही झाडे सावली व हिरवाई देतात, परंतु त्यांच्या फळांत पक्ष्यांना खाण्याजोगा गर नसतो. त्यामुळे परिसर हिरवा दिसूनही फलाहारी प्राण्यांच्या दृष्टीने उजाडच राहतो. अशा ठिकाणी कारखान्यांची आवारे, शाळा व निवासी वसाहती यांतील मोकळ्या कोपऱ्यांत लावलेले उंबर ही तुटलेली साखळी पुन्हा जोडू शकतात. त्यासाठी एकाच बागेत अनेक झाडे हवीत असे नाही. शेजारच्या आवारांत मिळून ती असली तरी पुरेसे होते.

लागवड : पक्व, गळालेली फळे पाण्यात चोळून बीजे वेगळी करतात व सावलीत वाळवितात. बीजे अतिशय बारीक असल्यामुळे ती बारीक वाळूत मिसळून चाळलेल्या माती-खताच्या वाफ्यावर पसरतात. ती खोल पुरीत नाहीत. उगवणीस प्रकाश लागतो. पाणी झारीने हलके देतात. भिंतीत उगवलेली कोवळी रोपे मुळांसह काढूनही लावता येतात. फांद्यांच्या छाटांपासूनही अभिवृद्धी होते, परंतु एकाच झाडाच्या छाटांपासून झालेली झाडे आनुवंशिक दृष्ट्या सारखी असल्याने बीजापासूनची रोपे अधिक श्रेयस्कर असतात.

रोपे अर्धा मीटर उंचीची झाल्यावर पावसाळ्याच्या आरंभी कायम जागी लावतात. मुरमाड जमिनीत सु. १ मी. लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन त्यात चांगली माती व कुजलेले शेणखत भरतात. उंबराला ओलावा मानवतो. म्हणून आवारातील उताराची, पावसाचे पाणी मुरणारी जागा निवडावी. इमारत, विहीर, पाण्याची टाकी व सांडपाण्याचे नळ यांपासून झाड किमान १०–१२ मी. दूर असावे, कारण मुळे ओलाव्याच्या शोधात दूर जातात. लहान अंगणात उंबर लावणे इष्ट नाही. तेथे करवंद, बोर किंवा अडुळसा यांची निवड करावी. पहिली दोन-तीन वर्षे उन्हाळ्यात नियमित पाणी, आळ्यात पालापाचोळ्याचे आच्छादन व गुरांपासून संरक्षण देणे आवश्यक असते. फळे धरण्यास अनेक वर्षे लागतात.

निगा : उंबरावर वा त्याच्या आसपास बहराच्या काळात कीटकनाशकांची फवारणी व डासांसाठी धुरळणी टाळावी, वरट्या नष्ट झाल्यास झाड हिरवे राहूनही निष्फळ होते. खोडावरील फळांच्या डहाळ्या ‘अस्वच्छ’ समजून छाटू नयेत. गळालेल्या फळांवर माश्या येतात व वाहने आणि पायवाटा खराब होतात, ही तक्रार खरी आहे. तीवर उपाय म्हणजे झाडाखाली वाहनतळ वा फरशी न करणे व तेथे पाचोळा राहू देणे. वाळलेल्या फांद्यांपासून धोका नसेल तेथे त्या राखाव्यात, कारण तांबट अशा मऊ लाकडात घरट्याची ढोली कोरतो. झाडालगत करवंद व निर्गुडी यांसारखी झुडपे आणि उथळ पाणपात्र असल्यास लहान पक्ष्यांना आसरा मिळतो.

परंपरा व संरक्षण : उंबर हा दत्तात्रेयांचा वृक्ष मानला जातो. नरसोबाची वाडी व सांगली जिल्ह्यातील औदुंबर या दत्तक्षेत्रांत त्याला विशेष महत्त्व आहे. नवग्रहांच्या होमात शुक्रासाठी उंबराच्या समिधा सांगितल्या आहेत. वराहमिहिरांच्या बृहत्संहितेत भूमिगत पाण्याच्या खुणा म्हणून दिलेल्या वृक्षांत तो आहे व विहीर खणताना आजही ग्रामीण भागात उंबर पाहिला जातो. या श्रद्धेमुळेच गावोगावचे कित्येक जुने वृक्ष कुऱ्हाडीपासून वाचले. नागरी क्षेत्रांतील वृक्षांना महाराष्ट्रात १९७५ च्या अधिनियमाने संरक्षण मिळाले. त्यात २०२१ मध्ये झालेल्या सुधारणेनुसार ५० वर्षे वा त्याहून अधिक वयाचा वृक्ष ‘वारसा वृक्ष’ ठरतो व तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपे लावणे बंधनकारक होते. तथापि नवी रोपे फळू लागेपर्यंतच्या काळात वरट्या व पक्षी यांच्यासाठी त्या रोपांचा उपयोग नसतो. म्हणून वन्यजीवस्नेही उद्यानाची आखणी करताना जागेवर असलेला जुना उंबर राखून त्याभोवती बाग करणे, हे नवा उंबर लावण्यापेक्षा केव्हाही अधिक फलदायी ठरते.