लघुलहरींवरचा रविवार
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

रेडिओचा आठवडा दोन भागांचा असतो. सोमवार ते शुक्रवार बातम्यांचा आणि शनिवार-रविवार गप्पांचा. जगातल्या कुठल्याही मोठ्या नभोवाणी संस्थेचं वेळापत्रक काढून पाहा, हेच दिसेल. आठवडाभर घड्याळ निवेदकाच्या मानगुटीवर बसलेलं असतं. शनिवार उजाडला की तेच घड्याळ जरा बाजूला सरकतं. मग एखादा माणूस पंधरा मिनिटं एकटाच बोलतो, श्रोत्यांची पत्रं वाचली जातात, कुणी कविता म्हणतं, कुणी एखाद्या विसरलेल्या माणसाची गोष्ट सांगतं. बातमी आपल्याला काय झालं ते सांगते. ही सुटीच्या दिवसांची सदरं, ज्यांच्या बाबतीत ते झालं ती माणसं कशी आहेत, ते सांगतात. मला स्वतःला दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटत आली आहे.

आलापल्लीसारख्या ठिकाणी राहणाऱ्या माणसाला लंडन किंवा न्यूयॉर्कच्या रविवारशी काय देणंघेणं, असं कुणी विचारेल. आमचं गाव म्हणजे सागवानाच्या जंगलातला एक नाका. एक रस्ता भामरागडला, एक एटापल्लीला, एक सिरोंच्याला, एक अहेरीला. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागड तुटतं, आणि वर्तमानपत्र दोन-दोन दिवस येत नाही. घरात आमची हिंदुस्थानी वळणाची उर्दू, शाळेत मराठी, बाजारात तेलुगू आणि जंगलातून येणाऱ्या माणसांची माडिया. अशा गावात रेडिओची सुई फिरवताना भाषेची अडचण फारशी येत नाही. अडचण यायची ती आवाज पोहोचण्याची.

तो पोहोचायचा कसा, हे थोडं समजून घेऊ. एफएमच्या लहरी सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर, झाडी, नाहीतर नुसती पृथ्वीची गोलाई आली की त्या थांबतात. म्हणून एफएमचा पल्ला जिल्ह्याच्या ठिकाणाभोवतीच्या पट्ट्यापुरता. लघुलहरींचं, म्हणजे शॉर्टवेव्हचं, तसं नाही. जमिनीपासून शंभर ते तीनशे-चारशे किलोमीटर उंचीवर हवेचे विरळ थर असतात. सूर्याच्या किरणांनी ते विद्युतभारित होतात. लघुलहरी या थरांवर आपटून परत खाली येतात, जमिनीवरून पुन्हा वर उसळतात. तलावावर चपटा दगड फेकला की तो टप्पे घेत जातो, तसा हा प्रवास. दिवसा सोळा किंवा एकोणीस मीटरवर स्टेशन लागायचं, अंधार पडला की एकतीस, एक्केचाळीस, एकोणपन्नास मीटरवर जावं लागायचं, कारण सूर्य मावळला की वरचे थर बदलतात. आवाज मध्येच बुडायचा आणि पुन्हा वर यायचा. तांब्याची तार झाडाला बांधली तर बरा यायचा. बीबीसीसारख्या संस्थांनी तर वाटेत सिंगापूर, सायप्रस, ओमानचं मसिरा बेट अशा ठिकाणी सहक्षेपण केंद्रं उभारली होती. लंडनचा शब्द तिथून पुन्हा जोर घेऊन आपल्याकडे यायचा. जंगल, डोंगर, पूर यांतलं काहीच त्याच्या आड येत नसे.

या सुटीच्या कार्यक्रमांमधला माझ्या दृष्टीनं सर्वांत मोठा नमुना म्हणजे अॅलिस्टर कुक यांचं ‘लेटर फ्रॉम अमेरिका’. कुक जन्मानं इंग्रज, १९४१ साली अमेरिकेचे नागरिक झाले. मार्च १९४६ मध्ये बीबीसीनं त्यांना तेरा भाषणं करायला सांगितलं. ती तेरा भाषणं संपलीच नाहीत. फेब्रुवारी २००४ पर्यंत, म्हणजे जवळजवळ अठ्ठावन्न वर्षं, २८६९ भाषणं झाली. पंच्याण्णव वर्षांच्या कुकना डॉक्टरांनी थांबायला सांगितलं तेव्हा ते थांबले आणि त्याच मार्चअखेर गेले. ब्रिटनमधल्या श्रोत्यांना हे पत्र शुक्रवारी रात्री आणि रविवारी सकाळी मिळायचं, आणि जागतिक सेवेवरून शनिवार-रविवारी बाकीच्या जगाला.

त्यात असायचं काय? कधी निवडणूक, कधी गोल्फ, कधी जॅझ, कधी पानगळीचे रंग. विषय कुठूनही सुरू व्हायचा आणि कुठे तरी भलतीकडेच पोहोचायचा. १९६८च्या जूनमध्ये लॉस एंजेलिसच्या हॉटेलात रॉबर्ट केनेडींवर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा कुक तिथेच होते. इतर बातमीदारांनी त्या रात्रीची बातमी दिली. कुकनी त्या आठवड्याच्या पत्रात, गर्दीत अडकलेल्या एका माणसाला काय दिसलं आणि काय दिसलं नाही, ते सांगितलं. मी बी.ए.च्या वर्षांत शब्दकोश मांडीवर घेऊन ही पत्रं ऐकत असे. निम्मी कळायची, निम्मी खरखरीत जायची. पण एक गोष्ट कानाला पक्की कळली. हा माणूस सभेत बोलत नाहीये, तो एकाच माणसाशी बोलतोय. मुशायऱ्यात शायर शेर म्हणतो आणि दाद लगेच मिळते. मिळाली नाही तर तेही लगेच कळतं. मायक्रोफोनसमोर समोरची खुर्ची रिकामी असते, आणि तरी तिथे कुणीतरी बसलं आहे असं मानून बोलावं लागतं.

हेच दुसऱ्या एका माणसानं फार आधी ओळखलं होतं. बिहारातल्या मोतिहारीत जन्मलेले जॉर्ज ऑर्वेल १९४१ ते १९४३ बीबीसीच्या पौर्वात्य विभागात नोकरीला होते. हिंदुस्थानसाठी दर शनिवारी इंग्रजीतून युद्धाचा साप्ताहिक आढावा जायचा, तो ते लिहीत. त्यांच्या मजकुरावरून हिंदी भाषांतली बातमीपत्रंही तयार होत आणि त्यांत मराठी होतं. होय, लंडनहून मराठी! १९४२ च्या मार्चमध्ये बीबीसीची मराठी सेवा सुरू झाली आणि मधला थोडा खंड सोडला तर १९५८ पर्यंत चालली. ऑर्वेल यांच्या सोबत काम करणाऱ्यांत वेणू चितळे या मराठी बाई होत्या. पुढे त्यांनी ‘इन ट्रान्झिट’ ही इंग्रजी कादंबरी लिहिली. शेजारच्या हिंदुस्थानी विभागात ऑल इंडिया रेडिओतून गेलेले झुल्फिकार अली बुखारी होते, आणि निवेदक म्हणून आपले बलराज साहनी होते. तेव्हा त्या सेवेचं नाव ‘हिंदुस्थानी’ असंच होतं. देशाची फाळणी झाल्यावर तिचेही हिंदी आणि उर्दू असे दोन तुकडे झाले.

ऑर्वेलनी ‘व्हॉइस’ नावाचं एक मासिकच रेडिओवरून काढलं. कागद नाही, छपाई नाही, नुसत्या आवाजातलं कवितेचं मासिक. त्याचे सहा अंक निघाले. एलियट, एम्पसन, मुल्कराज आनंद, जमैकाच्या कवयित्री उना मार्सन त्यात बोलून गेले. वेणूबाईही होत्या. पहिला अंक प्रसारित झाला ११ ऑगस्ट १९४२ ला.

ही तारीख नीट पाहा. दोनच दिवस आधी, रविवारी ९ ऑगस्टला, मुंबईत गांधीजींना आणि काँग्रेसच्या नेत्यांना पकडलं होतं. आणि पुढच्या रविवारी, १६ ऑगस्टला, आमच्या तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातलं चिमूर पेटलं. गोळीबार झाला, अधिकारी मारले गेले, मग लष्कर आलं आणि गावावर, विशेषतः बायकांवर, जे अत्याचार झाले त्यांच्या चौकशीसाठी प्रा. भन्साळींनी त्रेसष्ट दिवस उपास केला. त्या उपासाची बातमीसुद्धा छापायला सरकारनं वर्तमानपत्रांना मनाई केली होती. त्याच काळात मुंबईत उषा मेहता आणि त्यांचे साथी जागा बदलत बदलत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवत होते. नोव्हेंबरात ते पकडले गेले. आणि जर्मनीतून सुभाषबाबूंचा आझाद हिंद रेडिओ बोलत होता, तोही इतर भाषांबरोबर मराठीतून. चिमूर स्वतंत्र झाल्याची घोषणा बर्लिनहून झाली, असं चिमूरकर अजून अभिमानानं सांगतात.

म्हणजे एकाच पावसाळ्यात एका बाजूनं लंडन, दुसऱ्या बाजूनं बर्लिन, आणि मध्ये मुंबईतल्या कुठल्यातरी खोलीतला चोरटा ट्रान्समीटर. लंडनचा मजकूर सेन्सॉरच्या हाताखालून जायचा आणि ऑर्वेलना ते बोचत होतं. आपलं कुणी ऐकत असेल का, अशीही त्यांना शंका होती. ती खोटी नव्हती. लघुलहरींचे संच तेव्हा हिंदुस्थानात होतेच किती? पण बुलेटिनं युद्धाबरोबर संपली, त्यांत आज कुणाला रस असेल तर अभ्यासकांना. कवितेच्या त्या सहा अंकांबद्दल मात्र अजून बोललं जातं. हा माझा कवीचा पक्षपात समजा हवं तर.

मी ऐकू लागलो तेव्हा बीबीसी म्हणजे आमच्यासाठी बीबीसी हिंदी. आणीबाणीत त्यांच्या मार्क टली यांना देश सोडावा लागला होता, हे मोठ्यांच्या बोलण्यात यायचं. ३१ ऑक्टोबर १९८४ ला इंदिरा गांधी गेल्याचं आकाशवाणीनं संध्याकाळी सांगितलं; बीबीसी ऐकणाऱ्यांना ते त्याच्या बऱ्याच आधी कळलं होतं. बंगालच्या दौऱ्यावर असलेले राजीव गांधीही त्या दिवशी बीबीसीच ऐकत होते म्हणतात. लोकांचा विश्वास बसला तो अशा दिवसांमुळे. पण सवय लागली ती सुटीच्या सदरांमुळे. श्रोत्यांच्या पत्रांचा कार्यक्रम असायचा, श्रोत्यांनी विचारलेल्या प्रश्नांना उत्तरं असायची. पुढच्या काळात रविवारच्या संध्याकाळची ‘एक मुलाकात’ आली, रेहान फजल यांची ‘विवेचना’ आली. एखाद्या खेड्यातला शाळामास्तर विचारी, ध्रुवावर सहा महिने रात्र असते तर तिथले लोक रोजा कधी सोडतात? आणि लंडनमध्ये बसलेला माणूस त्याचं उत्तर शोधून आणी. प्रश्न विचारणाऱ्याचं नाव आणि गाव आदरानं वाचलं जायचं. आपल्याकडच्या कुठल्या कचेरीत खेड्यातल्या माणसाचं नाव एवढं नीट उच्चारलं जात होतं?

आता खर्चाचं पाहू. ‘सार्वजनिक’ नभोवाणी हा शब्द आपण सैल वापरतो. सरकारी म्हणजे सरकार सांगेल ते. व्यापारी म्हणजे जाहिरातदार देईल ते. सार्वजनिक म्हणजे पैसा लोकांचा, पण मजकूर सरकारच्या हातात नाही, निदान तसा करार असतो. बीबीसीच्या देशी कार्यक्रमांचा खर्च ब्रिटनमधली कुटुंबं परवाना शुल्कातून भागवतात. जागतिक सेवेचा खर्च मात्र २०१४ पर्यंत तिथलं परराष्ट्र खातं द्यायचं. आमच्यासारखा श्रोता एक पैसा देत नाही आणि तिथे मतदानही करत नाही. त्यामुळे काटकसरीची वेळ आली की त्याच्या बाजूनं बोलणारं त्या टेबलाशी कुणी नसतं.

ती वेळ ऑक्टोबर २०१० मध्ये आली. ब्रिटिश सरकारनं जागतिक सेवेच्या अनुदानात सोळा टक्के कपात जाहीर केली. जानेवारी २०११ मध्ये बीबीसीनं सांगितलं, पाच भाषांच्या सेवा बंद, साडेसहाशे नोकऱ्या जाणार, आणि हिंदीचं लघुलहरींवरचं प्रसारण थांबणार. तेव्हा हिंदीचे श्रोते सुमारे एक कोटी, बहुतेक खेड्यांतले. मार्क टली, अरुंधती रॉय, विक्रम सेठ, रामचंद्र गुहा अशा अनेकांनी निषेधाचं पत्र लिहिलं. संध्याकाळचं प्रसारण वाचलं. पण ती मुदतवाढ होती, एवढंच. ३१ जानेवारी २०२० ला ‘दिनभर’ शेवटचं झालं आणि १९४० च्या मे महिन्यात सुरू झालेला तो आवाज लघुलहरींवरून गेला. व्हॉइस ऑफ अमेरिकाची हिंदी २००८ मध्येच थांबली होती, जर्मनीच्या डॉइचे वेलेची २०११ मध्ये. मार्च २०२५ मध्ये तर अमेरिकेतल्या नव्या सरकारनं व्हॉइस ऑफ अमेरिकाच्या जवळजवळ सगळ्या माणसांना एका फटक्यात रजेवर पाठवलं. पैसा कुणाचा, या प्रश्नाचं उत्तर असं अचानक मिळतं.

बंद करणाऱ्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. लोक मोबाइलवर गेले, लघुलहरींचे संच दुकानातून गेले, ट्रान्समीटरचं विजेचं बिल प्रचंड. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये बीबीसी मराठीत परत आली, तीही इंटरनेटवर. पण ज्या वर्षी हिंदीचं प्रसारण थांबलं, त्या वर्षी भामरागड आणि एटापल्ली तालुक्यांतल्या कितीतरी गावांत मोबाइलचा टॉवर नव्हता. दोन महिन्यांत टाळेबंदी आली. शहराकडून पायी निघालेल्या माणसांच्या काळात, ज्याला सेलवर चालणारा संच पुरला असता त्याला आपण सांगत होतो, अॅप उतरवून घ्या. आणि देशात खाजगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायला परवानगीच नाही, आकाशवाणीच्याच ऐकवाव्या लागतात. म्हणजे दुसरा आवाज ऐकायचा तर तो बाहेरूनच यायला हवा होता.

आणखी एक बारीक गोष्ट. कपात होते तेव्हा बातम्या सगळ्यात शेवटी जातात. आधी जातं ते नाटक, पत्रांचं सदर, कविता, पंधरा मिनिटांचं भाषण. हिशेब करणाऱ्याला ती चैन वाटते.

आमच्या बाजूला मात्र या रेडिओचं एक वेगळंच रोप उगवलं. बीबीसीत काम केलेले शुभ्रांशू चौधरी छत्तीसगडला परतले आणि २०१० मध्ये त्यांनी ‘सीजीनेट स्वर’ सुरू केलं. साध्या फोनवरून एका नंबरला मिस्ड कॉल द्यायचा, उलट फोन येतो, मग आपलं म्हणणं नोंदवायचं किंवा दुसऱ्याचं ऐकायचं. इंटरनेट नको, अक्षरओळख नको. हातपंप बिघडला, रेशन मिळालं नाही, मजुरी थकली, असले निरोप त्यावर येऊ लागले, आणि तेही गोंडीतून, जिच्यात बातमीपत्र काढावं असं मोठ्या संस्थांना सहसा सुचत नाही. त्या निरोपांच्या मध्येच कुणी बाई गाणं म्हणते. संपादक मंडळी ते गाळत नाहीत, तक्रारीच्या शेजारी तसंच ठेवतात. तिथे सोमवार काय आणि रविवार काय, रेंज सापडली की टेकडीवर चढून माणूस बोलतो.