बदकांच्या खुराड्याची जमीन व पाण्याचा निचरा

बदक हा पाणपक्षी असला, तरी त्याची रात्रीची बसण्याची जागा कोरडीच असली पाहिजे. ओलसर तुसावर बुरशी वाढते; ती श्वासावाटे फुप्फुसांत गेल्यास पिल्ले दगावतात. खडबडीत जमिनीने तळव्यांना जखमा होऊन बदके लंगडू लागतात. शिवाय पहाटे घातलेली अंडी घाणीने मळतात व लवकर नासतात.

कोकणासारख्या अतिपावसाच्या भागात खुराड्याचे जोते भोवतालच्या जमिनीपेक्षा एक फूट उंच घ्यावे. मुरूम चोपून त्यावर गुळगुळीत कोबा करावा व दर चार फुटांस एक इंच उतार द्यावा. वर दोन-तीन इंच भाताचे तूस पसरावे.

खुराड्यातील बरीचशी ओल पाण्याच्या भांड्यामुळे होते. म्हणून भांडे खुराड्याबाहेर, दगडगोटे भरलेल्या खड्ड्यावर, पाय अडकणार नाहीत अशा बारीक फटींची बांबूची जाळी घालून ठेवावे. खाद्यही तेथेच द्यावे, कारण घास गिळण्यास बदकाला पाणी लागते. सांडपाणी चराने केळी-माडांच्या आळ्यांत सोडावे. विहिरीकडे जाऊ देऊ नये.

ग्रामसेवकांनी पाहणीच्या वेळी मूठभर तूस दाबून पाहावे. त्याचा गोळा तसाच राहिला, तर ते त्याच दिवशी बदलण्यास सांगावे.