शहाळ्याचे थंडगार पुडिंग

उन्हाळ्यात औरंगाबादेत पारा 40 अंशांवर जातो, तेव्हा दावतीत बिर्याणीनंतर थंड गोड हवेच. पण तयार पुडिंगच्या पाकिटावर ‘जिलेटिन’ दिसले की हात थबकतो. ते जनावरांच्या कातडी-हाडांपासून बनते. जनावर कोणते, जबीहा झाला का, हे बहुधा कळत नाही. म्हणून आम्ही समुद्री शेवाळापासून बनणारे चायना ग्रास वापरतो. शंका उरत नाही, शाकाहारी शेजाऱ्यांकडेही वाटी निःसंकोच पाठवता येते.

10 ग्रॅम चायना ग्रास कापून दीड कप पाण्यात अर्धा तास भिजवा. मंद आचेवर ढवळत पूर्ण विरघळवा. दुसरीकडे अर्धा लिटर दूध उकळून 200 ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क घाला. दूध गरम असतानाच चायना ग्रास गाळून ओता. थंड दुधात गुठळ्या होतात. आच बंद करून दोन शहाळ्यांची वाटलेली मलई आणि एक कप शहाळ्याचे पाणी मिसळा. हे दोन्ही फ्रिजमधले नको. ताटात ओता, निवल्यावर तीन तास फ्रिजमध्ये ठेवा.

जिलेटिन आपल्या उकाड्यात दस्तरखानावरच पाघळते. चायना ग्रास वितळायला 85 अंशांच्या आसपास उष्णता लागते. शेवटच्या पाहुण्यापर्यंत वड्या उभ्या राहतात.