घरातला साप : ओळख आणि खबरदारी

नीरा डाव्या कालव्याचे पाणी बारामती-इंदापुरात आले आणि त्याबरोबर ऊस आला. उसाबरोबर उंदीर आले, आणि उंदरांच्या मागोमाग साप. तेव्हा साप आपल्या घरात शिरतो असे म्हणण्यापेक्षा, त्याचे खाद्य आपणच घरात साठवतो, असे म्हणणे अधिक खरे. बागायतीत राहणाऱ्या माणसाला सापाशी शेजार टळत नाही. मग हा शेजारी कोण, हे ओळखायला शिकणे एवढेच आपल्या हाती उरते.

भारतात सापांच्या तीनशेंहून अधिक जाती आहेत. त्यांपैकी माणसे दगावतात ती मुख्यतः चौघांमुळे : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. हे चार ओळखता आले की निम्मे काम झाले. मात्र ‘डोके त्रिकोणी तो विषारी’ हा ठोकताळा आधी सोडून द्यावा. नागाचे आणि मण्यारीचे डोके त्रिकोणी नसते.

नाग फणा काढतो तेव्हा त्याला पोरसुद्धा ओळखते. पण तो सदा फणा काढून बसत नाही, आणि फणा मिटलेला नाग धामणीसारखा दिसतो. धामण अंगाने लांबलचक व चपळ, डोळे मोठे, ओठांवर काळ्या उभ्या रेघा. ती संपूर्ण बिनविषारी असून उंदीर खाते. धामण म्हशीच्या पायांना विळखा घालून दूध पिते ही समजूत खोटी आहे. सापाला दूध चोखताच येत नाही. कालव्यात आणि विहिरीत दिसणारी चौकटीच्या नक्षीची दिवड चटकन चावते, पण तिलाही विष नाही.

घोणस जाड अंगाची, मान बारीक. पाठीवर साखळीच्या कड्यांसारख्या ठिपक्यांच्या तीन रांगा. डिवचली तर कुकरच्या शिट्टीसारखा फूत्कार काढते. तिच्यासारखी दिसते ती डुरक्या घोणस. तिच्या अंगावर वेडेवाकडे डाग असतात, मान वेगळी दिसत नाही आणि शेपूट आखूड असते. ती बिनविषारी. फुरसे लहानखुरे, कोरड्या दगडधोंड्यांच्या माळावरचे. डोक्यावर बाणासारखी खूण, आणि अंगावर अंग घासून करवतीसारखी खरखर करते.

राहिली मण्यार. घरात राहणाऱ्याला, त्यातही जमिनीवर निजणाऱ्याला, सर्वांत घातक हीच. निळसर काळे चकचकीत अंग, त्यावर पांढरे, बहुधा जोडीजोडीचे आडवे पट्टे. तिचा तोतया म्हणजे कवड्या; हा भिंतीवर चढून पाली खाणारा निरुपद्रवी साप. कवड्याचे पट्टे मानेपासून ठळक सुरू होतात आणि शेपटीकडे विरतात. मण्यारीचे उलट : डोक्याकडे अस्पष्ट किंवा नसतातच, शेपटीकडे ठळक. कवड्याचा रंग बहुधा तपकिरी असतो.

हा फरक मी पुस्तकात वाचला तो एका मरणानंतर. गळिताच्या सुरुवातीस ऊसतोडणी कामगारांच्या तळावर एका कोपीत रात्री पट्ट्यांचा साप दिसला. “कवड्याच तो, काही करत नाही,” असे म्हणून सारे पाचटावर निजले. पहाटे एका तरण्या गड्याच्या पोटात कळा येऊ लागल्या. अंगावर दाताची खूण दिसेना, म्हणून अजीर्ण समजून त्याला सोडा पाजला. मग त्याच्या पापण्या जड झाल्या, घोट गिळेना. वाहन मिळून दवाखाना गाठेपर्यंत श्वास थांबला होता. मण्यारीचा दंश पुष्कळदा दुखत नाही, सुजत नाही. झोपलेल्याला तो कळतही नाही. म्हणून पहाटेची पोटदुखी आणि मिटू लागलेल्या पापण्या दिसल्या की दंशाची शंका घेतलीच पाहिजे.

यातून मी एवढे शिकलो की, ओळख ही दंशापूर्वीच्या उपयोगाची. अंधारात, कंदिलाच्या उजेडात खात्री होत नसेल तर साप विषारीच समजावा, दूर व्हावे आणि सर्पमित्राला बोलवावे. दंश झाल्यावर मात्र सापामागे धावून त्याला मारण्यात वेळ दवडू नये. आपल्याकडची प्रतिविषाची लस या चारही सापांवर एकच आहे, आणि डॉक्टर लक्षणांवरून निर्णय घेतात. स्वच्छ काचेच्या नळीत रक्त वीस मिनिटे ठेवून ते गोठते की नाही, एवढ्यावरूनही घोणशीचे विष कळून येते. तेव्हा आवळपट्टी नको, चिरा नको, चोखणे नको, मांत्रिक नको. अंगठी-बांगड्या काढाव्यात, अवयव हलू देऊ नये, आणि १०८ ला फोन करून रुग्णालय गाठावे.

२००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांतली बहुतेक खेड्यांतली. साप काही गरीब-श्रीमंत पाहून चावत नाही. पण खाटेवर मच्छरदाणी लावून निजणारा वाचतो आणि पाचटावर निजणारा सापडतो. मजुरीच्या दराबरोबर तळावर दिवा, खाट, मच्छरदाणी आणि रात्रीचे वाहन ही मागणी आपण का लिहीत नाही, हा प्रश्न मी माझ्या सोबत्यांपुढे ठेवतो.

आणि ज्यांना सवड आहे त्यांनी पुण्याला गेल्यावर कात्रजच्या सर्पोद्यानात मुलांना घेऊन जावे. काचेमागे पाहिलेली मण्यार मूल विसरत नाही. तेच मूल पुढे घरी आलेल्या धामणीला काठी उगारण्यापासून आपल्याला थांबवील, आणि पट्ट्यांचा साप दिसला तर अंथरूण उचलून आधी उजेड आणायला सांगेल.