दिवसा पंप, रात्री झोप

शेतीची वीज रात्री येते तेव्हा दोन वाजता मोटार चालू करायला विंचू-सापांतून शेतात जाणं हे महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याच्या अंगवळणी पडलेलं. त्यावर उतारा म्हणून राज्य सरकारने 2017 मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली. गावाजवळच्या उपकेंद्राशेजारी सौर प्रकल्प उभारायचा आणि शेतीच्या वेगळ्या फीडरला (वीजवाहिनीला) दिवसा वीज द्यायची.

शास्त्र साधं आहे. तारेतून वीज वाहताना तार तापते, थोडी ऊर्जा तिथेच उडून जाते. तार जितकी लांब, तितकी गळती जास्त. शेकडो किलोमीटरवरच्या औष्णिक केंद्रापेक्षा पाच किलोमीटरवरचं पॅनेल म्हणूनच परवडतं. शिवाय पंप उन्हातच चालणार, त्यामुळे महागडी बॅटरी लागत नाही. या प्रकल्पांसाठी पडीक जमीन भाड्याने देणाऱ्याला योजनेच्या 2023 च्या दुसऱ्या टप्प्यात हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये ठरले.

पॅनेलवर धूळ बसली की उत्पादन घटतं. ती पुसणं, इन्व्हर्टर दुरुस्त करणं ही कामं गावातल्या आयटीआय झालेल्या मुलामुलींना मिळायला हवीत (कंत्राटदार माणसं बाहेरून आणतात, तो भाग वेगळा!). आणि हो, दिवसा मुबलक वीज म्हणजे भूजलाचा उपसाही वाढणार. ठिबकाची सक्ती नसेल, तर ही योजना अर्धवटच म्हणावी लागेल.